एकाच रक्ताचे दोन काउंट

अच्युतरावांनी दोन्ही रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पंख्याने उडू नयेत म्हणून एकावर मिठाची बरणी ठेवली, दुसऱ्यावर लोणच्याची, आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. कालच्या कागदावर प्लेटलेट अडतीस हजार होत्या. आजच्या कागदावर चौसष्ट हजार.

स्वयंपाकघरात मंजूषा, त्यांची सून, फोनवर बोलत होती. तिचा नवरा निनाद कंपनीच्या कामासाठी चेन्नईला अडकला होता आणि ती त्याला तिसऱ्यांदा तेच सांगत होती.

"हो, चौसष्ट! एका दिवसात! मी म्हणत होते ना, पपईच्या पत्त्याचा रस असर करून राहिला म्हणून. आणि ताप पण उतरला. आईंचं अंग एकदम गार आहे आज."

मंजूषा इंदूरची. तिचं ते 'करून राहिला' अच्युतरावांच्या कानाला सहा वर्षं टोचत होतं. आज त्यांनी ते सोडून दिलं, कारण आज त्यांना त्याहून मोठी शिकार सापडली होती.

"मंजूषा, जरा इकडे ये."

ती खलबत्ता हातात घेऊनच आली. बोटं पपईच्या पानांनी हिरवीगार झाली होती.

"हा रिपोर्ट कुठल्या लॅबचा?"

"अशोका गार्डनच्या. शेजारच्या विमलकाकूंनीच सांगितलं ना, ते घरी येऊन ब्लड घेऊन जातात."

"आणि कालचा?"

"चौकातल्या लॅबचा."

"म्हणजे दोन लॅब. दोन वेगळी यंत्रं."

"मग?"

"मग!" अच्युतराव खुर्चीतून उठलेच. "मग विचारतेस? काल एका काट्यावर वजन केलं, आज दुसऱ्या काट्यावर, आणि घरभर नाचताय वजन वाढलं म्हणून!"

कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं कॅलिब्रेशन विभागात गेली होती. दाबाचे, तापमानाचे, विजेचे, सगळ्या कारखान्याचे मापक त्यांच्या टेबलावर यायचे आणि कुठला किती खोटं बोलतो हे अच्युतराव ठरवायचे. यंत्र किती चुकतं हे कळल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरातल्या थर्मामीटरवर, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, तपासल्याच्या तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असायची. माणूस निवृत्त झाला होता, त्याचा संताप अजून नोकरीवर होता.

आणि त्या ऑक्टोबरात संताप यायला कारणंही थोडी नव्हती. डेंगूची साथ होती आणि सोनागिरी वसाहतीत कोणी कोणाला 'बरं आहे का' असं विचारेनासं झालं होतं. काउंट किती, एवढंच. गल्लीतल्या पपईच्या झाडांचे नुसते खुंट उरले होते. कोवळं पान घ्या, म्हणे. नाही, जून घ्या. देठ काढा, नाही, देठातच सगळं असतं. मीठ घालू नका. नर झाडाचं चालत नाही. प्रत्येक घराचं वेगळं शास्त्र आणि प्रत्येक शास्त्राचा रुग्ण बरा झालेला! डेंगू बहुतेकांचा आठ दिवसांत आपला आपणच जातो, काउंटही आपला आपण चढतो, हे ऐकायला कोणाला सवड नव्हती. बरे झालेल्यांच्या गोष्टी दारोदार फिरायच्या. ज्यांना हॉस्पिटलात न्यायला उशीर झाला, त्यांच्या घरून पपईची गोष्ट सांगायला कोणी येत नव्हतं. अच्युतरावांना ह्या अन्यायाची भयंकर चीड होती, आणि खरं सांगायचं तर ती चीड रास्तच होती.

कमलिनीबाई हॉलमधल्या दिवाणावर पडून होत्या. आजारी पडल्यावर त्यांनी स्वतःच तिथे अंथरूण घालून घेतलं होतं, आतल्या खोलीत एकटं वाटतं म्हणून. एका बाजूला जेवणाचं टेबल, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. पाच दिवस नवरा आणि सून ह्यांच्यात जे काही झालं ते त्यांच्या अंगावरूनच गेलं होतं.

"अहो, हळू बोला ना," त्या म्हणाल्या.

"हळू कसं बोलू? ही उद्या गल्लीभर सांगत सुटेल, आमच्याकडे एका दिवसात सव्वीस हजार चढल्या म्हणून. ते ऐकून आणखी चार जण घरात बसून पाला कुटतील!"

"मी कोणाच्या घरचं काय बिघडवलं, बाबा?" मंजूषाचा आवाज चढला. "डॉक्टरांचं औषध बंद केलं का मी? पाणी देते, ओआरएस देते, गोळी देते. रस वरून देते. नुकसान काय आहे त्याच्यात?"

"नुकसान खोट्या आकड्यात आहे."

"खोटा कशावरून?"

ह्याच प्रश्नाची अच्युतराव वाट पाहत होते.

"तेच दाखवतो. एकदाच सुई टोचायची, नळ्या दोन भरायच्या. तेच रक्त, तीच वेळ. एक नळी चौकात, एक अशोका गार्डनला. बघू काय म्हणतात."

"आईंना परत सुई? सकाळीच तर टोचून गेली ती. हात बघा कसा निळा झालाय! तुम्हाला जिंकायचंय म्हणून त्यांचं रक्त काढायचं?"

"जिंकायचा प्रश्न नाही, सत्याचा प्रश्न आहे."

दोघांनीही दिवाणाकडे पाहिलं. कमलिनीबाईंनी चादरीतून दुसरा हात बाहेर काढला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "ह्या हाताचं घ्या."

रक्त घेणारी मुलगी आली, जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या भरून गेली; म्हणजे एक घेऊन गेली, दुसरी अच्युतरावांनी तिच्या हातून अक्षरशः काढून घेतली. ती रुमालात गुंडाळून, स्कूटरवरून, खड्डे चुकवत त्यांनी चौकातल्या लॅबमध्ये पोचवली. काउंटरवरच्या माणसाला तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं असं विचारलं. तो म्हणाला, "अंकल, रिपोर्ट एक घंटे में मिल जाएगी." ह्या उत्तराने रक्तदाब वाढवून घेऊन ते तासभर तिथल्याच बाकावर बसले. बाकावर आणखी सहा जण होते आणि सहाही जण पपईबद्दल बोलत होते. एक बाई गिलोय, म्हणजे गुळवेल, सांगत होत्या. एकाने बकरीच्या दुधाचं नाव काढलं. अच्युतराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

साडेअकराला पहिला कागद हातात पडला. एक्केचाळीस हजार. दुसरा रिपोर्ट मोबाइलवर आला, सहासष्ट हजार.

एकाच बाईचं, एकाच क्षणी, एकाच सुईने काढलेलं रक्त!

घरी येईपर्यंत त्यांनी सगळं भाषण जुळवलं होतं. चपलासुद्धा न काढता ते हॉलमध्ये उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही आकडे वाचून दाखवले, पुन्हा एकदा वाचले, मग कागद आणि मोबाइल मंजूषाच्या पुढ्यात धरला.

"वाच. तूच वाच. काल अडतीस होत्या, त्याच यंत्रावर आज एक्केचाळीस. कुठे गेला तुझा चमत्कार? काही वाढलेलं नाही. तू यंत्र बदललंस, एवढंच झालं."

मंजूषाने वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"मग पाच दिवस मी काय उगाच पहाटे उठून पानं आणली?"

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."

"तुम्ही सांगत नव्हता बाबा, तुम्ही चिडत होता. सगळ्यांवरच चिडत होता. माझ्या माहेरी भावाला असाच डेंगू झाला तेव्हा आईनं हेच केलं होतं. मला दुसरं काय येतं? डॉक्टर म्हणतात पाणी द्या, आराम करा. नुसतं बघत बसायचं का माणसाकडे?"

अच्युतरावांनी आवाज वाढवला. "कमल, आता तूच सांग. त्या कडू पाण्यानं तुला काही बरं वाटतंय का?"

"बरं आहे," कमलिनीबाई म्हणाल्या.

"रसानं?"

"तसं नाही. एकूण बरं आहे."

"आई, खरं सांगा," मंजूषा दिवाणाच्या दुसऱ्या बाजूने वाकली. "रसाचा काही त्रास होतोय का तुम्हाला? पोटात वगैरे? डॉक्टर म्हणाल्या होत्या, पोट दुखलं, उलटी झाली, तर लगेच घेऊन या."

कमलिनीबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग अच्युतरावांकडे.

"नाही गं. काही नाही."

मग त्या उठल्या, भिंतीला धरत न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. बाहेर दोघांचं चालूच होतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा अच्युतरावांनी कपडे बदलले होते.

"चला, डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनाही कळू दे, त्यांचे पेशंट कुठल्या आकड्यांवर जगतात ते. हे दोन रिपोर्ट मी त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे."

कमलिनीबाईंना डॉक्टरकडे नेण्याचं त्या दिवशीचं कारण हे एवढंच होतं.

डॉक्टर सुप्रिया पस्तिशीच्या होत्या, उज्जैनच्या मराठी घरातल्या. सोनागिरीजवळच्या एका नर्सिंग होममध्ये त्या दुपारी दोनपर्यंत बसत. बाहेर गर्दी होती. मोबाइलवरच्या रिपोर्टची कागदी प्रत अच्युतरावांनी वाटेत काढून घेतली होती. नंबर येईपर्यंत अच्युतरावांनी मनातल्या मनात मुद्दे पुन्हा लावून घेतले. आत गेल्यावर कमलिनीबाईंना तपासणीच्या पलंगावर आडवं व्हायला सांगून डॉक्टर हात धुवायला वळल्या, तेवढ्यात अच्युतरावांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवलेसुद्धा.

"डॉक्टर, एकच रक्त. दोन लॅब. एक्केचाळीस आणि सहासष्ट. ह्याला काय म्हणायचं?"

डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली.

"काका, इतका फरक येतो कधीकधी. प्लेटलेट कमी असल्या की मशीन गडबडतं."

"येतो? आणि आमची सून म्हणते पपईनं चढल्या! तुम्हीच तिला सांगा."

"सांगते हं," असं म्हणत डॉक्टरांनी कमलिनीबाईंचा हात हातात घेतला होता. त्यांनी अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, आणि ते पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो ते बघत राहिल्या. पुन्हा दाबलं. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

"एवढं तरी सांगा, की हा रस..."

"काका, एक मिनिट."

पट्ट्यातली हवा सुटली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा भरली. मग त्या टेबलाशी आल्या, दोन्ही रिपोर्ट ओढून घेतले आणि प्लेटलेटच्या खूप वरच्या एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं.

"हे बघितलं का तुम्ही? हिमॅटोक्रिट. परवा सदतीस होतं. आज हे बघा, ह्याच्यात सेहेचाळीस, आणि ह्याच्यात पण सेहेचाळीस."

"ते काय असतं?" मंजूषाने विचारलं.

"रक्त घट्ट होतंय. रक्तातलं पाणी नसांच्या बाहेर झिरपायला लागलंय. ताप उतरतो ना, त्याच्यानंतरच होतं हे. लोक खूश होतात, ताप गेला, आणि इकडे खरा धोका सुरू होतो. वरचं बीपी आणि खालचं बीपी पण जवळ जवळ आलंय ह्यांचं."

अच्युतरावांनी ती ओळ पाहिली. दोन्ही कागदांवर तोच आकडा होता. ज्या एका ओळीवर दोन्ही यंत्रांचं एकमत होतं, ती त्यांनी वाचलीच नव्हती. वाचायचं कारणच पडलं नव्हतं, तिच्यावरून घरात कोणाचं भांडण नव्हतं.

डॉक्टर पुन्हा पलंगाकडे गेल्या.

"काकू, पोट दुखतंय का? सही सही सांगा हं."

कमलिनीबाईंनी मान किंचित वळवली. आधी त्यांनी मंजूषाकडे पाहिलं. मंजूषाचे दोन्ही हात पर्सच्या पट्ट्यावर घट्ट होते. मग त्यांनी अच्युतरावांकडे पाहिलं.

"तसं काही नाही," त्या म्हणाल्या.

"उलटी?"

पुन्हा तीच नजर. एकदा इकडे, एकदा तिकडे.

अच्युतरावांना ती नजर ओळखीची होती. निनाद कॉलेजात असताना बापलेकांचं ताटावरच जुंपायचं, आणि मग दोघांपैकी कोणीतरी, आमटी खारट आहे की नाही तूच सांग, असं तिच्यावर ढकलायचं. ती वाटीत बुडवलेलं बोट चाटून बघायची, अशीच दोघांकडे पाहायची, आणि म्हणायची, ठीक आहे की. चाळीस वर्षं ती ठीक आहे म्हणत आली होती. पोट दुखतं म्हणाली असती तर काय झालं असतं, हे त्यांना लख्ख दिसलं. ते गरजले असते, बघ, तुझ्या रसानं हे केलं. मंजूषा रडली असती. निनादला फोन गेला असता. ते सगळं तिच्या दिवाणाच्या दोन्ही बाजूंनी, तिच्या अंगावरून चाललं असतं.

त्यांच्या डोक्यात संतापाची एक सणक उठली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती कोणावर काढायची ते त्यांना कळेना.

ते उठले.

"मंजूषा, चल. बाहेर बसू."

"बाहेर? आत्ता? बाबा, त्या काय विचारून राहिल्या बघा तरी..."

"चल म्हणतो ना." आवाज नेहमीसारखाच चिडका निघाला. दाराशी गेल्यावर ते डॉक्टरांकडे वळले. "आता विचारा तिला. आम्ही नाही आहोत इथे."

दार ओढून घेऊन ते बाकावर बसले. दाराला वरच्या बाजूला काच होती. मंजूषा उभी राहून त्यातून बघू लागली. अच्युतराव बघत नव्हते.

"बोलताहेत," मंजूषा म्हणाली. थोड्या वेळाने, "पोटावर हात ठेवलाय. उजवीकडे." मग ती नुसतीच काचेतून बघत राहिली. कमलिनीबाईंना सांगायला पुष्कळ होतं असं दिसत होतं.

दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी आधी सिस्टरला हाक मारून सलाइन लावायला सांगितलं, वरच्या मजल्यावर बेड रिकामा करायला सांगितलं, आणि मग त्या ह्या दोघांकडे वळल्या.

"कालपासून पोट दुखतंय त्यांचं. चार उलट्या झाल्या. नळ सुरू ठेवून करत होत्या म्हणे, तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून. सकाळपासून लघवी नाही. काका, रात्रीपर्यंत थांबला असता ना तुम्ही, तर मी काय सांगू तुम्हाला! वेळेत आलात, होतील बऱ्या. पण मी परवा काय म्हटलं होतं? घरात दोन-दोन माणसं असून कोणीच विचारलं नाही त्यांना?"

मंजूषा रडायला लागली. "विचारलं मॅडम, आज सकाळी पण विचारलं. नाही म्हणाल्या."

"विचारलं होतं," अच्युतराव म्हणाले. "पण विचारून आम्ही दोघंही समोरच उभे राहिलो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या.

पाच-सात मिनिटांनी चाकाची खुर्ची बाहेर आली. सिस्टरने सलाइनची बाटली उंच धरली होती. कमलिनीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण बाकाशी येताच त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवायला लावली.

"रसानं नाही झालं हं हे," त्या मंजूषाला म्हणाल्या. "मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलं." मग दम खाऊन त्या अच्युतरावांकडे वळल्या. "आणि यंत्राचं तुमचंही बरोबरच होतं."

सिस्टरने खुर्ची लिफ्टकडे वळवली.